वेलोड्रोम, बंदिस्त

सायकलशर्यतींसाठी छताखाली बांधलेला, वळणांवर तीव्र उताराचा लंबवर्तुळाकार लाकडी ट्रॅक. फ्रेंच शब्द, ‘वेलोसिपेड’चा (जुन्या प्रकारच्या सायकलीचा) पूर्वार्ध आणि ‘धाव’ या अर्थाचा ग्रीक ‘द्रोमोस’ यांच्या जोडातून झालेला.

उगमाबद्दल एकमत नाही. छताखालच्या शर्यतींचा आरंभ सामान्यतः १८७८ मध्ये लंडनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमधील सहा दिवसांच्या शर्यतीपासून धरतात; पण सभागृहात तात्पुरती आखलेली फेरी म्हणजे वेलोड्रोम नव्हे. हिवाळी ट्रॅकची स्वतंत्र सोय ही कसोटी लावल्यास पॅरिसच्या गॅलरी दे मशीनमध्ये १९०३ च्या अखेरीस सुरू झालेला ट्रॅक अधिक ग्राह्य वाटतो. ती इमारत पाडल्यावर उभारलेला ‘व्हेल दिव्ह’ (हिवाळी वेलोड्रोम) जुलै १९४२ मध्ये अटक केलेल्या ज्यू कुटुंबांना कोंडण्यासाठी वापरला गेला आणि पुढे १९५९ मध्ये पाडला गेला.

ऑलिंपिकच्या ट्रॅकची लांबी २५० मी., वळणावरचा कल सुमारे ४२° ते ४५°, सरळ भागात १२° च्या आसपास. लांबी मोजायची ती आतल्या कडेपासून २० सेंमी.वरच्या काळ्या रेषेवर. २३ मी. त्रिज्येच्या वळणावर ४२° कल असेल, तर ताशी सुमारे ५१ किमी. वेगाला सायकल पृष्ठभागाशी काटकोनात राहते. वेग फार कमी पडला की टायर खाली घसरतो.

पृष्ठभागासाठी पाइनच्या अरुंद पट्ट्या धावेच्या दिशेने ठोकतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक ट्रॅकला अशा ५६ किमी. पट्ट्या व साडेतीन लाख खिळे लागले. खरी डोकेदुखी लाकडाची. ते आडवे फुगते-आकसते, हे नागपूरच्या लकडगंजातल्या कोणत्याही आरागिरणीवर सांगतील. कोरड्या हवेत फटी पडतात, कडा सुटतात आणि पडणाऱ्याच्या अंगात ढलपी घुसते. २०११ मध्ये मँचेस्टरला मलेशियाच्या अझीझुलहस्नी अवांगच्या पोटरीतून सुमारे २० सेंमी.ची ढलपी आरपार गेली; तरीही तो उठून शर्यत पुरी करून तिसरा आला.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से.वर, हवा कोरडी, आणि जुलैत दमट. अशा ठिकाणी छत पुरेसे नाही, आर्द्रताही बांधून ठेवावी लागते. घरोघरचा वाळ्याचा कूलर इथे उलटा पडेल, कारण तो गारव्याबरोबर लाकडाला ओल देतो. ४५° ची हवा २५° च्या हवेपेक्षा जवळपास ६ टक्के विरळ, म्हणजे कागदावर जास्त वेगाची. पण त्या उन्हाळ्यात खेळाडूचे शरीर आधी हार मानते.

स्पर्धा संपल्यावर काय, यावर ट्रॅकचे आयुष्य ठरते. माँट्रियलचा १९७६ चा वेलोड्रोम १९९२ मध्ये प्राणी-वनस्पतींचे ‘बायोडोम’ झाला. मँचेस्टरचा (१९९४) ब्रिटिश संघाचा तळ बनला. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या ट्रॅकवर पुढे राष्ट्रीय संघाचा सराव चालला. २०१९ मध्ये भारताने कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण मिळवले. पुण्याच्या बालेवाडीतला ट्रॅक उघडा आहे.

नागपूरच्या वर्धा रोडवर सराव करणाऱ्याला ट्रॅकवर पहिल्यांदा अडते ते फिक्स्ड गिअरमुळे. ब्रेक नसतो, पेडल न मारता चाक फिरू देणारे फ्रीव्हील नसते. पाय थांबवला की पेडल उचलून फेकते. म्हणून आधी घरी रोलरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या फिरत्या दंडगोलांवर) सराव, मग ट्रॅकच्या आतल्या निळ्या पट्ट्यावर चार-पाच फेऱ्या, आणि ताशी ३० किमी.चा वेग धरल्यावरच वळणावर चढणे. थांबताना उलटा क्रम: खाली उतरून वेग पायांनीच मारायचा आणि कठडा धरल्यावरच पेडलमधून पाय सोडवायचा.