पार्श्वभूमी : ‘चायनीज डेमॉक्रसी’चा हिशेब

‘गन्स अँड रोझेस’ या अमेरिकन रॉक बँडचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ हा अल्बम बुडाला, हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की आता ते कुणी तपासतही नाही. बुडाला म्हणजे नेमके कुणाचे पैसे बुडाले, हे विचारणारे मात्र थोडेच. 23 नोव्हेंबर 2008 च्या रविवारी अमेरिकेत या अल्बमची सीडी दुकानात आली, तेव्हा रेकॉर्ड कंपनीचा सगळ्यात मोठा सौदा आधीच उरकलेला होता. दुकान उघडण्याआधीच गल्ला भरलेला होता. फक्त तो गिऱ्हाइकांनी भरला नव्हता.

बँडचा सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच. एक आकडा तेवढा लक्षात ठेवायला हवा. सप्टेंबर 1991 मध्ये एकाच दिवशी आलेले ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन अल्बम पहिल्या आठवड्यात अमेरिकेत मिळून साडेचौदा लाखांच्या घरात खपले होते. पुढचा सगळा पैसा त्या आठवड्याकडे बघत लावला गेला. 1993 मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला, मग गिटारवाला स्लॅश गेला, मग बासवाला डफ गेला. बँडचं नाव गायकाकडे, म्हणजे अ‍ॅक्सल रोझकडे राहिलं. कंपनीच्या हातात उरला तो एका माणसाबरोबरचा करार.

रेकॉर्डिंगचा खर्च म्हणजे कंपनीने उडवलेले पैसे, असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात ती उचल असते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला मुकादम हंगामाआधी देतो, त्याच जातीची. कलाकाराच्या रॉयल्टीतून ती कापली जाते आणि फिटेपर्यंत त्याच्या हाती त्या अल्बमचं काही पडत नाही. मोठ्या कलाकाराबाबत दोर उलट्या बाजूनेही आवळला जातो. इतकी उचल दिल्यावर कंपनी माघार घेऊ शकत नाही, कारण माघार घेतली की सगळं अक्कलखाती. म्हणून ती आणखी देत राहते. मार्च 1999 पर्यंत अल्बम दिलात तर आणखी दहा लाख डॉलर, असंही गाजर दाखवून झालं होतं. अल्बम आला नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च 2005 मध्ये या खर्चाचा जो पंचनामा छापला, त्यात आकडा होता 1 कोटी 30 लाख डॉलर. एका टप्प्यावर महिन्याचा खर्च 2 लाख 44 हजार डॉलरवर होता. पगारी वादक, महिन्याच्या भाड्याने अडवून ठेवलेला स्टुडिओ, तंत्रज्ञांची फौज. चेहऱ्यावर मुखवटा आणि डोक्यावर चिकनची बादली घालून वाजवणारा गिटारवादक बकेटहेड याच्यासाठी स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं उभारलं होतं. तो त्यात बसून आपले भाग वाजवायचा. हे खुराडं पुढे प्रत्येक लेखात आलं आणि खर्चाची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरत राहिली. खरं तर लाकूड-जाळीला किती लागणार? पैसा जात होता तो महिन्यागणिक. निर्माते बदलत होते, आणि दर नवा निर्माता आधीचं काम पुन्हा उकरत होता.

2004 मध्ये कंपनीने हात वर केले. मंजूर खर्चाची मर्यादा लाखो डॉलरनी ओलांडली आहे, यापुढचा खर्च गायकाने करावा आणि अल्बम पुरा करावा, असं पत्र गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ बाजारात आला. तो थांबवण्यासाठी गायक आणि त्याचे जुने साथीदार, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, कोर्टात एका बाजूला उभे राहिले. उपयोग झाला नाही. तो संग्रह लाखोंनी खपला आणि वर्षानुवर्षं याद्यांवर राहिला. नव्या अल्बमच्या तोट्याबद्दल बोलणारे हा संग्रह वेगळ्या खात्यात टाकतात. नवा माल वेळेवर आला असता, तर जुना माल त्या वेळी, त्या पद्धतीने विकायला निघाला असता का?

जाहिरातीचा भाग तसा थोडक्यात आटपतो, कारण बरीचशी जाहिरात दुसऱ्यांनीच केली. मार्च 2008 मध्ये ‘डॉ. पेपर’ या शीतपेयवाल्यांनी जाहीर केलं की अल्बम याच वर्षी आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. अपवाद फक्त स्लॅश आणि बकेटहेडचा. गायकाने खिलाडूपणे उत्तर दिलं, बकेटहेडने आमच्या अल्बमवर वाजवलंय, माझ्या वाट्याचं त्याला देईन. अल्बम खरोखर आला, तेव्हा कूपनसाठी एकच दिवस ठेवलेला होता आणि गर्दीने संकेतस्थळ कोसळलं. मग गायकाच्या वकिलांनी मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर माफी मागा, अशी नोटीस धाडली. अल्बमच्या आठवड्यातली गाजलेली बातमी ही होती, कोल्ड्रिंकची.

बाकी एक गाणं सप्टेंबरमध्ये व्हिडिओ गेममध्ये आलं, एक ऑक्टोबरमध्ये सिनेमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत. नऊ गाणी जूनमध्येच फुटली होती. ती नेटवर टाकणाऱ्याला ऑगस्टमध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी घरकैदेची शिक्षा. प्रकाशनाआधी तीन दिवस सगळा अल्बम फुकट ऐकायलाही ठेवला होता. पण ज्याच्यासाठी लोक थांबले होते तो गायक गायब होता. अल्बम आला त्या आठवड्यात ना मुलाखत, ना व्हिडिओ, ना दौरा. छापलेली पुस्तिकाही अंतिम नव्हे, कच्च्या मसुद्याची आहे, अशी तक्रार खुद्द त्यानेच नंतर केली.

आता तो वादाचा सौदा. अमेरिकेत ही सीडी फक्त ‘बेस्ट बाय’ या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानसाखळीत मिळणार होती. साखळीने 13 लाख प्रती आगाऊ उचलल्या. प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार रक्कम होती 1 कोटी 40 लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे नगाला साधारण पावणेअकरा डॉलर. अट अशी की न खपलेला माल परत घेतला जाणार नाही.

ही शेवटची अट नीट समजून घ्यायला हवी. सीडीचा धंदा तोवर परतीच्या बोलीवर चालायचा, आपल्याकडे दिवाळी अंकांचा चालतो तसा. दुकानदार गठ्ठे मागवतो, उरलेले परत पाठवतो, कंपनी तेवढी रक्कम वळती करून देते. त्यामुळे गोदामातून गेलेला माल म्हणजे खपलेला माल नव्हे, हे कंपनीला कायम ध्यानात ठेवावं लागतं. परतीच्या भीतीने कलाकाराच्या रॉयल्टीचा काही भागही राखून ठेवला जातो. परतीची अट काढून टाकली की हे सगळं ओझं दुकानाच्या डोक्यावर. चौदा वर्षांत ज्याला कुणी हात लावायला धजत नव्हतं, ती जोखीम कंपनीने एका सहीत विकून टाकली. धंदा म्हणून बघितलं तर याहून शहाणपणाचा निर्णय या सगळ्या प्रकरणात दुसरा दिसत नाही.

दुकानानेही डोळे मिटून सही केली नव्हती. वर्षभरापूर्वी ‘ईगल्स’चा अल्बम ‘वॉलमार्ट’ने असाच एकट्याने विकला होता. महिन्यापूर्वीच ‘एसी/डीसी’चा ‘ब्लॅक आइस’ तिथेच पहिल्या आठवड्यात पावणेआठ लाखांच्या पुढे गेला होता. एकाच दुकानातली विक्री ‘बिलबोर्ड’च्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या साप्ताहिक क्रमवारीच्या, मुख्य यादीत मोजायला नोव्हेंबर 2007 पासून सुरुवातही झाली होती. सीडी हे तर दुकानात माणूस ओढण्याचं निमित्त. आत आलेला गिऱ्हाईक टीव्ही बघून जातो, हा हिशेब. पण शरद 2008 म्हणजे मंदीचा कडेलोट. ‘बेस्ट बाय’च्या मोठ्या प्रतिस्पर्धी साखळीने 10 नोव्हेंबरला दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आणि ‘एसी/डीसी’वाले निदान दौऱ्यावर होते, मुलाखती देत होते.

पहिल्या आठवड्यात खप झाला 2 लाख 61 हजार, यादीत तिसरा क्रमांक. ब्रिटनमध्ये, जिथे हा एका दुकानाचा मक्ता नव्हता, अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला. अमेरिकेत पुढच्याच आठवड्यात तो पहिल्या दहातून बाहेर फेकला गेला.

आणि तरीही 2009 च्या सुरुवातीला त्याला अमेरिकेत ‘प्लॅटिनम’ हे खपाचं प्रमाणपत्र मिळालं. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. प्लॅटिनम म्हणजे दहा लाख, हे बरोबर. पण दहा लाख काय? प्रमाणपत्रासाठी मोजतात ते कंपनीने दुकानांना पाठवलेले, परत न आलेले नग. साप्ताहिक यादीसाठी मोजतात ते काउंटरवर बारकोड वाजून गेलेले नग. एरवी वर्षभरात परतीचा माल वजा होऊन दोन्ही आकडे जवळ येतात. इथे परतीचा रस्ताच बंद होता. 13 लाख प्रती दुकानाच्या नावावर पडल्या, तेव्हाच दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला होता. भिंतीवर लागलेली ती तबकडी खोटी नाही, पण ती विकत घेणारा एकच होता. चाहते ‘प्लॅटिनम आहे’ म्हणतात, टीकाकार ‘दहा लाख माणसांनी घेतलाच नाही’ म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

मग कंपनीचं फिटलं का? 1 कोटी 30 लाख गेले, 1 कोटी 40 लाख आले, अशी वजाबाकी मांडणारे बरेच आहेत. ती कच्ची आहे. पहिला आकडा 2005 पर्यंतचा आणि फक्त रेकॉर्डिंगचा. त्यात सीडी छापणं, जाहिरात, कचेरीचा खर्च नाही. दुसऱ्यात परदेशातली विक्री नाही. तरी एवढं नक्की, की ज्याला ‘इतिहासातला सगळ्यात महाग फसलेला अल्बम’ म्हणतात, त्याचा अमेरिकेतला मुख्य फटका ना बनवणाऱ्याला बसला ना छापणाऱ्याला. 2011 मध्ये त्याच साखळीत हीच सीडी दोन डॉलरला मिळत होती. मुखपृष्ठावर भिंतीला टेकवलेली सायकल, तिच्यावर वेताची टोपली, आणि वर किमतीचं चिकट लेबल.

गायकाचं म्हणणं वेगळं. मार्च 2010 मध्ये त्याच्या आधीच्या व्यवस्थापकाने दौऱ्याच्या थकलेल्या दलालीसाठी सुमारे 18 लाख 70 हजार डॉलरचा दावा लावला, तेव्हा त्याने 50 लाखांचा उलटा दावा ठोकला. आरोप असा, की अल्बमचं प्रकाशन आणि दुकानाशी झालेला सौदा मुद्दाम बिघडवला, म्हणजे झक मारत जुन्या साथीदारांना घेऊन दौरा करावा लागेल. प्रकरण 2011 मध्ये आपसात मिटलं, त्यामुळे कोर्टाने यावर काही म्हटलंच नाही. आरोप पटण्यासारखा नाही. ज्या सौद्यात माल आगाऊ विकला गेला, तो बिघडवलेला कसा? पण त्यामागची शंका अगदी वाऱ्यावरची नव्हती. पुनर्मीलनात किती पैसा आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

तो 2016 पासून मोजता आला. स्लॅश आणि डफ परतले आणि 2019 पर्यंत चाललेल्या दौऱ्याने तिकीटविक्रीतून 58 कोटी डॉलरच्या वर जमा केले. अल्बमच्या साऱ्या बदनाम खर्चाच्या चाळीसपटीहून जास्त. मुंबईकरांनी ही दोन्ही रूपं पाहिली. 9 डिसेंबर 2012 ला बीकेसीच्या मैदानात आलेल्या संचात नव्वदच्या दशकाआधीचा गायक आणि 1990 मध्ये आलेला कीबोर्डवाला एवढेच जुने होते. 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर आला तो स्लॅशसह.

2021 पासून या बँडची जी सुटी गाणी आली, ‘अ‍ॅब्सर्ड’, ‘हार्ड स्कूल’, ‘परहॅप्स’, ती बहुतेक त्याच जुन्या सत्रांतल्या शिल्लक मालाची, वर नवी गिटार चढवलेली. आणि ‘बेटर’ किंवा ‘धिस आय लव्ह’ मंचावर वाजतं तेव्हा त्यातली गिटार आता स्लॅश वाजवतो, 2008 मध्ये ज्याला कॅन मिळणार नव्हता तो.