अंबरनाथचं शिवमंदिर: शिलाहारांच्या भावांनी बांधलेलं देऊळ

पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, उजाडलं आणि शिखर राहून गेलं, असं अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल सांगतात. देवळावरचा शिलालेख मात्र वेगळं सांगतो. उत्तरेकडच्या दारात, तुळईच्या आतल्या बाजूला कोरलेल्या या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आणि शिलाहार राजा मम्वाणी यांचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजींनी यातला शक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला. एका आकड्याच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं.

उत्तर कोकणचे शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक. ठाण्याला, म्हणजे तेव्हाच्या स्थानकाला राजधानी. तरी बिरुद मिरवायचे ‘तगरपुरपरमेश्वर’, म्हणजे आपलं मूळ तगरपुराशी, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरशी जोडायचे. छित्तराज, नागार्जुन आणि मम्वाणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. लेखात हे देऊळ छित्तराजाचं भवन म्हटलंय. त्यामुळे काम थोरल्याने काढलं आणि धाकट्याने तडीस नेलं, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो.

बांधणी भूमिज पद्धतीची. या पद्धतीचं माहेर माळवा. परमार राजा उदयादित्याचं मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर हा तिचा नावाजलेला नमुना. तिथे जे वालुकाश्मात घडलं, ते इथे काळ्या बसाल्टमध्ये. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक उभी पट्टी वर चढते आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा मजल्यामजल्याने लहान होत जातात. आज वरचा भाग उरलेला नाही, पण खालच्या रांगांवरून मूळचा आकार डोळ्यांसमोर आणता येतो.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप, म्हणजे दारापुढचे छोटे मंडप. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते: चार नक्षीदार खांबांवर पेललेलं घुमटासारखं छत, एकात एक वर्तुळं आवळत गेलेली. गाभाऱ्याकडे वळलं की उलट प्रकार, सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात. बाहेरच्या भिंतींना इतके कोन काढलेत की सरळ, सपाट जागा जवळजवळ सापडत नाही; प्रत्येक खोबणीत नटेश म्हणजे नाचणारा शिव, चामुंडा, नाहीतर एखादी सुरसुंदरी. पावसाळ्यांनी बऱ्याच मूर्तींचे चेहरे पुसट केलेत.

१८६८ साली मुंबई सरकारने इथली मोजमापं घ्यायला लावली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी नक्षीकामाचे साचे काढले, रेखाटनं केली. झिजून गेलेल्या भागांसाठी आज तीच रेखाटनं उपयोगी पडतात. वालधुनीच्या काठी महाशिवरात्रीची जत्रा अजून भरते. नदीची अवस्था मात्र बघवत नाही.