भांग-गांजा, हाडे आणि शस्त्रक्रिया

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. त्यांतील टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतील सीबी-१ या ग्राहींवर (पेशींवरील संदेश पकडणाऱ्या रेणूंवर) काम करतो. हाडे घडवणाऱ्या आणि झिजवणाऱ्या पेशींवरही याच कुळातले ग्राही असतात, मुख्यतः सीबी-२.

एडिंबरा विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात अट्टल गांजा ओढणाऱ्यांच्या हाडांची घनता नुसती सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ५ टक्के कमी भरली. त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त होते. त्यांचे वजन कमी होते, त्याचाही यात वाटा असू शकतो. उलट २०१५ मध्ये इस्रायलमधील संशोधकांना सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाने उंदरांची मोडलेली हाडे अधिक मजबूत जुळलेली दिसली. त्यावरून भांग हाडांना चांगली, असे म्हणणे चूक आहे. भांगेची नशा चढते ती टीएचसीने.

इंदूरमध्ये हा विषय घराघरातला आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याने (१९८५) गांजा-चरसवर बंदी आणली, पण नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, आणि मध्य प्रदेशात ती परवान्याच्या दुकानांत मिळते. राजवाड्यावरून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी एरवी निर्व्यसनी असलेल्या घरांतही ठंडाईत भांगेची गोळी पडते. पाने धुऊन मिरी, बडीशेप, बदामाबरोबर बारीक वाटायची आणि दुधात घोटायची. टीएचसी स्निग्धात विरघळते, म्हणून दूध. महादेवाचा प्रसाद म्हणून घेतलेली ही भांग कुणी व्यसनात धरत नाही. त्यामुळे ऑपरेशनआधी ‘काही नशापाणी?’ असे विचारले की ‘नाही’ असेच उत्तर येते, आणि धोका इथेच आहे.

नित्य सेवन करणाऱ्याला भूल देताना औषध जास्त लागू शकते, नंतर वेदनाही जास्त जाणवतात. नुकतेच सेवन झाले असेल तर नाडी वाढते, हृदयावर ताण येतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेआधी प्रत्येक रुग्णाला याबद्दल विचारावे, आणि गांजा ओढल्यावर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया निदान दोन तास पुढे ढकलावी. प्यायलेल्या भांगेला हा हिशेब लावता येत नाही: ती तासा-दीड तासाने चढते आणि अनेक तास टिकते. भूलतज्ज्ञाला किती आणि कधी घेतली हे नेमके सांगावे. घोट, गोळी, प्रसाद, सगळे त्यात आले.