कॉर्न्ड बीफ आणि कोबी : सेंट पॅट्रिक डेच्या ताटामागचा इतिहास

१७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला, बॉस्टन, न्यू यॉर्क, शिकागोतल्या आयरिश-अमेरिकन घरांत कॉर्न्ड बीफ, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले गोमांस, आणि कोबी शिजतो. आयर्लंडमध्ये त्या दिवशी हा पदार्थ क्वचितच होतो. तिथे कोबीबरोबर असते खारवलेले डुकराचे मांस. त्यावरून ‘अमेरिकेतला हा पदार्थ खरा आयरिश नाहीच’ असा निकाल दरवर्षी दिला जातो. तो उथळ आहे. गोमांस खारवण्यात आयर्लंडचा हात शतकानुशतके बसलेला होता. फक्त ज्यांच्या देशात ते खारवले जाई, त्या गरिबांना ते खाणे परवडले अमेरिकेत गेल्यावर.

सतराव्या शतकात आयर्लंडमधून जिवंत गुरे मोठ्या संख्येने इंग्लंडला जात. तिथल्या जमीनदारांनी ओरड केली आणि १६६३ व १६६७ च्या कायद्यांनी ही आयात आधी आवळली, मग बंदच केली. गुरे तर होतीच; मग ती मारून, मांस खारवून, लाकडी पिंपांत भरून दूरच्या बाजारांत पाठवणे सुरू झाले. कॉर्क बंदर या धंद्याचे केंद्र झाले. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत कत्तलीचा हंगाम चाले. पुढचे शंभर-दीडशे वर्षे ब्रिटिश नौदलाची जहाजे, कॅरिबियन बेटे आणि फ्रेंच वसाहतींना कॉर्कचे मांस जात राहिले. मालाच्या प्रती ठरलेल्या असत आणि सर्वांत हलकी प्रत मळ्यांवरच्या गुलामांसाठी जाई. नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपली आणि या व्यापाराला उतरती कळा लागली. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये नाताळात मिळणारे मसाल्यात मुरवलेले ‘स्पाइस्ड बीफ’ ही त्या काळाची आजही खाता येणारी खूण.

पण पिंपे भरणाऱ्या देशातला शेतमजूर खात होता बटाटा आणि ताक. घरात डुक्कर असले तर ते बहुधा खंड भरण्यासाठी विकले जाई. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितक्यांनीच देश सोडला. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत उतरले.

तिथे हिशेब उलटा झाला. घरच्या आठवणीतले आयरिश बेकन म्हणजे डुकराच्या पाठीचे, कमी चरबीचे, खारवून उकडायचे मांस. अमेरिकन बेकन पोटाचे, चरबीदार आणि धुरावलेले. ते तव्यावर परतायला ठीक, कोबीबरोबर उकडायला कुचकामी. उलट अमेरिकेत गोमांस स्वस्त होते आणि त्यातही छातीकडचा ब्रिस्केट हा कडक भाग आणखी स्वस्त. न्यू यॉर्कमध्ये आयरिश आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू शेजारी राहत. कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहाराच्या धार्मिक नियमांनुसार जनावराच्या मागच्या भागातली ठरावीक शीर आणि चरबी काढावी लागते. ते काम किचकट असल्याने कोशर खाटीक मुख्यतः पुढचा भाग विकत, आणि ब्रिस्केट पुढच्याच भागात येतो. खारवलेला ब्रिस्केट आयरिश घरांत या दुकानांतून आला, असे नेहमी सांगितले जाते. न्यू यॉर्कपुरते ते पटते, पण तेवढ्यावर थांबू नये. बॉस्टनच्या आसपासच्या न्यू इंग्लंड या प्रदेशातली जुनी प्रोटेस्टंट घरे खारवलेले गोमांस, कोबी आणि कंदमुळे एकाच भांड्यात त्याआधीपासून उकडत होती. बॉस्टनच्या आयरिशांसमोर हा पदार्थ तयारच होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही ओळख पक्की झालेली दिसते. १९१३ पासून अमेरिकी वृत्तपत्रांत येणाऱ्या एका चित्रमालिकेतला जिग्ज हा अचानक श्रीमंत झालेला आयरिश-अमेरिकन. बायको त्याला उच्चभ्रू मेजवान्यांना ओढते, हा मात्र कॉर्न्ड बीफ आणि कोबी खायला पळ काढतो. ताट पाहून माणूस ओळखला जावा इतके ते रुजले होते. त्यात १७ मार्च नेहमीच उपवासकाळात, लेंटमध्ये येतो. तो शुक्रवारी आला तर कॅथलिकांना मांस वर्ज्य. पण २०१७ आणि २०२३ मध्ये तसे झाले तेव्हा अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली.

आता भांड्याकडे. मांसाचा गुलाबी रंग मिठाने येत नाही. तो येतो सोऱ्याने (पोटॅशियम नायट्रेट), आणि आजकाल सोडियम नायट्राइटने. (अठराव्या शतकात ब्रिटनला मिळणारा बराचसा सोरा बिहारमधून जात असे, त्याचा मोठा वाटा अर्थात दारूगोळ्यात खपे.) नायट्राइट मांसातल्या रंगद्रव्याला धरून राहते, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना रोखते आणि ती विशिष्ट चव देते. बॉस्टनकडे नायट्राइटशिवाय केलेले राखाडी कॉर्न्ड बीफही मिळते. तो बिघडलेला माल नव्हे, जुनी पद्धत आहे.

घरी खारवताना प्रमाण मांस आणि पाणी यांच्या एकत्र वजनावर काढावे. २ किलो ब्रिस्केट आणि २ लिटर पाणी, म्हणजे ४ किलो. त्याला ९० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट क्रमांक १ आणि ४० ग्रॅम साखर. या क्युअरिंग सॉल्टमध्ये ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असते. बाकी साधे मीठ. ते चमच्याने मोजू नये, ग्रॅमचा काटा हवाच, कारण जास्त नायट्राइट विषारी आहे. ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो, पण गुलाबी दिसणाऱ्या सैंधवाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सैंधव घातले तर मांस राखाडी होईल. त्याउलट गल्लत झाली आणि क्युअरिंग सॉल्ट जेवणात पडले, तर जिवावर बेतेल. डब्यावर ठळक नाव लिहून तो स्वयंपाकाच्या मिठापासून लांब ठेवावा.

पाण्यात मीठ, साखर आणि मसाला (मोहरी, धणे, मिरी, ऑलस्पाइस, तमालपत्र, दोन-तीन लवंगा) घालून उकळावे आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे. मग क्युअरिंग सॉल्ट विरघळवून मांस बुडवावे. भांडे काचेचे, स्टीलचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे, अ‍ॅल्युमिनियमचे नको. मांस वर तरंगते म्हणून त्यावर ताटली दाबून ठेवावी आणि एक दिवसाआड उलटावे. तापमान २ ते ४ अंश सेल्सियस. सहा-सात सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला सुमारे दहा दिवस लागतात. कापल्यावर कडेला गुलाबी आणि मध्ये राखाडी पट्टा दिसला तर खार आतवर पोचला नाही असे समजावे; जाड तुकड्याला आणखी दिवस द्यावेत. या प्रमाणाने दोन दिवस जास्त राहिले तरी मांस खारट होत नाही, कारण मीठ मोजूनच घातलेले असते. अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारे तयार, पाकीटबंद कॉर्न्ड बीफ मात्र बरेचदा खूप खारट असते. ते धुऊन, पहिले पाणी उकळी येताच टाकून द्यावे.

सर्वांत जास्त बिघडते ते शिजवताना. मांस थंड पाण्यात घालून, पाणी जेमतेम थरथरेल इतक्याच आचेवर, झाकून, तीन ते साडेतीन तास ठेवावे. ब्रिस्केटमध्ये कोलॅजन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते आणि ते सावकाशच विरघळते. खळखळ उकळले तर तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात आणि मांस एकाच वेळी चिवट आणि कोरडे होते. शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. नायट्राइटमुळे ते शेवटपर्यंत गुलाबीच राहते. काटा सहज आत जाऊन तितक्याच सहज बाहेर आला की झाले. वजन सुमारे एक तृतीयांश घटते, म्हणून माणशी ३०० ते ३५० ग्रॅम कच्चे मांस धरावे. प्रेशर कुकरमध्ये दीड तासात काम होते, पण भाज्या त्यात घालू नयेत.

मांस काढून, फॉइलमध्ये गुंडाळून अर्धा तास टेकू द्यावे आणि तेवढ्यात त्याच पाण्यात भाज्या उरकाव्यात. पाणी आधी चाखावे. फार खारट असेल तर निम्मे काढून साधे घालावे. गाजर आणि लहान, न फुटणारे बटाटे आधी. ते पंचवीस-तीस मिनिटे घेतात. कोबीच्या फोडी देठाच्या कण्यासकट कराव्यात, म्हणजे पाने सुटत नाहीत, आणि त्या शेवटच्या बारा-पंधरा मिनिटांतच घालाव्यात. कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितके गंधकाचे वायू सुटतात. घरभर पसरणारा तो उग्र वास तिथूनच येतो. कापताना तंतूंची दिशा पाहून सुरी त्यांना आडवी चालवावी. ब्रिस्केटच्या सपाट आणि चरबीदार भागांत तंतू वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा दोन्ही भाग सुटे करूनच कापावेत.

सोबतीचा सोडा ब्रेड अमेरिकेत आणखी बदलला. आयर्लंडच्या ओल्या हवेत मऊ, कमी ग्लुटेनचा गहू पिकतो. त्याला यीस्टने फुगवण्यापेक्षा खाण्याचा सोडा आणि आंबट ताक बरे पडते, आणि १८३० च्या दशकापासून ही पद्धत पसरली. मूळ पावात पीठ, मीठ, सोडा आणि ताक याखेरीज काही नसते. अमेरिकेत त्यात बेदाणे, कॅरवे (शहाजिऱ्यासारखे दाणे), लोणी, अंडे, साखर शिरले आणि तो जवळजवळ केक झाला. दोन्ही चांगले; पण या जेवणातला खारट रस टिपायला मूळचा साधा पावच हवा. ४५० ग्रॅम मैदा, चहाचा एक सपाट चमचा सोडा, तितकाच एक चमचा मीठ, ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. आपले पाणीदार ताक चालत नाही. आंबट दही थोड्या पाण्याने सैल करून घ्यावे. पीठ मळायचे नाही, फक्त एकत्र आणायचे; मळले की पाव दगडासारखा होतो. सोडा ताकाला लागताच वायू सुटू लागतो, तेव्हा ओव्हन आधीच २३० अंशांवर तापलेला हवा. वर सुरीने खोल क्रॉस द्यावा, नाहीतर जाड मध्यभाग कच्चा राहतो. पंधरा मिनिटांनी आच २०० वर आणून अर्धा तास. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की भाजला. सोडा ढीगभर चमचा पडला तर आतला भाग पिवळट होतो आणि साबणाची चव येते. त्यावर मग काही उपाय नाही.