चेहरा सात रेघांचा

22 नोव्हेंबर 1963, दुपारचे साडेबारा. डॅलसच्या एल्म स्ट्रीटवरून राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मोटारींचा ताफा उताराने खाली येत होता. असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जेम्स आल्टगेन्स पुढच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी टिपलेल्या चित्रात गाडीच्या काचेतून केनेडी दिसतात, हात गळ्यापाशी गेलेले. पत्नी जॅकलिनचा पांढरा हातमोजा त्यांच्या बाहीवर आहे. मागच्या गाडीच्या पायरीवर उभे असलेले दोन अंगरक्षक मान वळवून पाठीमागे बघताहेत.

हे चित्र नेमके कोणत्या क्षणाचे? छायाचित्राला घड्याळ नसते. पण त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडून अब्राहम झप्रूडर हे कपड्यांचे व्यावसायिक 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत होते. कॅमेरा चावीच्या स्प्रिंगवर चालणारा, त्यामुळे त्याचा वेग गृहीत धरून भागणार नव्हते. एफबीआयने तो मोजला. सरासरी सेकंदाला 18.3 चौकटी (फिल्मवरची सुटी चित्रे), म्हणजे दोन चौकटींमध्ये सुमारे 55 मिलिसेकंद. आता ही फिल्मच घड्याळ झाली. दोन्ही कॅमेऱ्यांच्या जागा ठाऊक असल्या की दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे गाडी. या भूमितीवरून हत्येचा तपास करणाऱ्या वॉरन आयोगाने आल्टगेन्सचे चित्र झप्रूडरच्या 255 व्या चौकटीशी जुळवले. डोक्यावरचा घाव 313 व्या चौकटीत दिसतो. मधल्या 58 चौकटी, भागिले 18.3. उत्तर येते 3.2 सेकंद. जखमी, पण अजून जिवंत असलेल्या राष्ट्राध्यक्षांचे हे चित्र आहे, हे असे आकडेमोडीने कळते.

‘केव्हा’चा प्रश्न असा सुटतो. ‘कोण’चा मात्र नाही, आणि खरा गोंधळ तिथेच झाला.

चित्राच्या पार्श्वभूमीला टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरीची इमारत आहे. तिच्या दारात उभा असलेला एक माणूस अनेकांना ली हार्वे ऑस्वाल्डसारखा वाटला. ऑस्वाल्ड म्हणजे याच इमारतीत काम करणारा, हत्येचा आरोप असलेला माणूस. तो खरोखर ऑस्वाल्ड असेल, तर त्याच वेळी सहाव्या मजल्यावरून गोळ्या झाडणारा तो नव्हेच! संशयाला एवढे खाद्य पुरेसे होते.

पण त्या चेहऱ्यात माहिती किती होती ते पाहू. आल्टगेन्स यांची लेन्स 105 मिलिमीटरची. दार 80 मीटरवर आणि चेहरा 20 सेंटिमीटर उंच धरला, तर निगेटिव्हवर त्याची उंची साधारण पाव मिलिमीटर भरते. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यात त्या काळच्या वेगवान कृष्णधवल फिल्मचे चांदीचे कण जाडसर, म्हणजे नाक कुठे संपले आणि सावली कुठे सुरू झाली हे कणच ठरवणार.

पुढची पायरी वायरफोटोची. छायाचित्र एका फिरत्या सिलिंडरवर गुंडाळायचे, प्रकाशाचा बारीक ठिपका त्यावरून रेघ-रेघ सरकवायचा, परतलेल्या उजेडाचे विजेत रूपांतर करून टेलिफोनच्या तारेवर धाडायचे. पलीकडे तसाच सिलिंडर, तशीच रेघ. असोसिएटेड प्रेसची ही सेवा 1935 पासून चालू होती आणि तिची चाल साधारण इंचाला 100 रेघा, मिनिटाला एक इंच अशी. आल्टगेन्स यांचे चित्र काही तासांत जगभर पोचले ते याच वाटेने. अख्खी निगेटिव्ह दहा इंच रुंद केली, तर दारातल्या चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे सात रेघा येतात. सात रेघांत माणूस ओळखणारे धाडसी म्हणायचे! शिवाय वर्तमानपत्राच्या छपाईत त्याचे पुन्हा ठिपके होणार, ते वेगळेच. अशा वेळी उरलेला चेहरा आपला मेंदू स्मरणातून भरतो, आणि त्या आठवड्यात प्रत्येकाच्या स्मरणात ऑस्वाल्डचाच चेहरा होता.

आयोगाने चेहऱ्यावर विसंबण्याऐवजी दारात कोण कोण उभे होते हे विचारले. ऑस्वाल्डच्या एका सहकाऱ्याने तो माणूस आपणच असल्याचे सांगितले, आणि आयोगाने ते मान्य केले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संसदेच्या समितीने चित्र पुन्हा तपासायला घेतले. तिच्या तज्ज्ञांनी शर्टाच्या नक्षीकडेही लक्ष दिले. ती चेहऱ्याहून मोठी होती. निष्कर्ष तोच निघाला.