ओढायचं सोपं, मोजायचं अवघड: टोविंग टँकमधल्या पाण्याखालच्या यानांची पार्श्वभूमी

टोविंग टँक म्हणजे बोटीचं किंवा यानाचं छोटं मॉडेल ओढून बघायची लांब पाण्याची टाकी. ही पद्धत बसवली विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. १८७२ च्या सुमाराला टॉर्कीला घराजवळच जवळपास ८५ मीटर लांब टाकी, पैसे ब्रिटिश नौदलाचे, मॉडेल्स मेणाची, वर मॉडेल ओढायला रुळांवर गाडी. पण त्याला मुख्यतः बघायचं होतं की बोट पाण्यात किती जोर खाते. मॉडेल कसं डोलतंय हा प्रश्न त्या मानाने मागे होता. (आमच्या बडोद्यात सयाजीरावांनी कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज काढलं १८९० ला, तोवर फ्राउड जाऊन अकरा वर्षं झाली होती, म्हणजे हे शास्त्र तसं जुनंच.)

मग पाणबुड्या आल्या. १९५७ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड टेलर मॉडेल बेसिनमध्ये गर्टलर आणि गुडमन यांनी प्लेनर मोशन मेकॅनिझम बनवलं. दोन दांड्यांवर मॉडेल धरायचं, दांड्या मुद्दाम वरखाली हलवायच्या आणि बसणारा जोर मोजायचा. हुशारीच आहे ही, कारण हालचाल आपणच ठरवलेली, ती वेगळी मोजायलाच नको!

पण केबलला बांधून ओढायच्या सोनार फिशला, म्हणजे जहाजामागे पाण्याखालून जाणाऱ्या, आवाजाच्या लहरींनी चित्र काढणाऱ्या यानाला, हे चालत नाही ना. तिला दांड्यात धरली की खेळच संपला, तिची सगळी वागणूक केबलवर, आणि वर जहाज लाटेवर उचललं की तो झटका केबलमधून थेट खाली येतो, फिश नाक वर करते नि सोनारची इमेज वेडीवाकडी. १९६८ ला बुडालेली अमेरिकेची स्कॉर्पियन पाणबुडी मिझार जहाजाने ओढलेल्या कॅमेऱ्यांनीच सापडली, तेही साधारण ३ किलोमीटर खोल, तेव्हा अशा ओढायच्या यानांचं महत्त्व पटायला अजून काय पाहिजे.

म्हणून टाकीत फिशचं मॉडेल मोकळंच सोडावं लागतं, आणि मग ते किती डोलतंय हे वेगळं मोजावं लागतं. कलाभवनची पोरं विचारतात की आत टिल्ट सेन्सर टाकला की झालं ना? नाही झालं. साधा टिल्ट सेन्सर गुरुत्वाकर्षण बघून कोन सांगतो, गाडीने वेग घेतला की तो त्या धक्क्यालाच कोन समजतो. जायरो, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर, जोडला तर त्याचं माप हळूहळू सरकत जातं. शिवाय सेन्सरच्या वायरी, छोट्या मॉडेलला त्याच ताठ दोरीसारख्या धरून ठेवतात. म्हणून पाण्यातले कॅमेरे आले, मॉडेलवर खुणा लावून ट्रॅकिंग. त्यातही पाणी लाल प्रकाश पटकन खातं म्हणून निळ्या लाइटवर भर, आणि किरण वाकतात म्हणून कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप जुळवणं, पाण्यातच करायचं.

माझ्या मते खरी डोकेदुखी केबलचीच. मॉडेलबरोबर तीही लहान केली तर दोऱ्याएवढी होते, रेनॉल्ड्स नंबर (पाण्याच्या चिकटपणाचा हिशोब सांगणारा आकडा) बदलतो, पाण्याचा विरोधही बदलतो, आणि फ्राउड नंबर (लाटांचा हिशोब सांगणारा आकडा) नि रेनॉल्ड्स नंबर दोन्ही एकाच वेळी साध्या पाण्यात खऱ्या यानाशी जुळत नाहीत. विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या नौदलासाठीच्या संशोधन प्रयोगशाळेची टाकी ५०० मीटर आहे, तिथे मोठं मॉडेल चालतं, तेवढाच फरक कमी होतो.