आवाज पोहोचला नाही, की यंत्रणाच जोडलेल्या नव्हत्या?

मोठ्या दुर्घटनेनंतर वायरलेस संपर्काची छाननी होते, तेव्हा ‘संपर्क तुटला’ हा एकच शेरा दोन निरनिराळ्या बिघाडांवर मारला जातो. एकात दलातल्या माणसाचा आवाज त्याच्याच सहकाऱ्यापर्यंत जात नाही. दुसऱ्यात सगळे सेट व्यवस्थित चालतात, पण पोलिसांचे बोलणे अग्निशमन दलाच्या कानी पडत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे दोन्ही एकाच सकाळी घडले.

हातातल्या वॉकीटॉकीचा क्षीण संदेश उंच इमारतीत विरून जातो, म्हणून वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, तिथेच १९९३ साली झालेल्या बॉम्बस्फोटानंतर, तो संदेश अधिक ताकदीने पुढे पाठवणारा रिपीटर बसवला होता. त्याच्या कन्सोलवर दोन बटणे होती: एकाने रिपीटर सुरू होई, दुसऱ्याने लॉबीतला हँडसेट. सकाळी ८.५४ ला पहिले दाबले गेले, दुसरे राहिले. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना हँडसेटवरून बोलता येईना, तेव्हा रिपीटरच बंद आहे असा समज झाला आणि उत्तर मनोऱ्यातल्या जवानांनी त्याच्याविनाच काम चालवले. दक्षिण मनोऱ्यात मात्र अग्निशमन दलाचे बटालियन चीफ ओरिओ पामर त्याच रिपीटरवरून थेट ७८ व्या मजल्यावरून बोलत होते.

दुसरा बिघाड अधिक गंभीर, असे मला वाटते. ९.५९ ला दक्षिण मनोरा कोसळल्यावर पोलीस हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी उत्तर मनोराही फार वेळ टिकणार नाही, असे कळवले. हा इशारा पोलिसांच्या वायरलेसवर गेला. आतल्या अग्निशमन जवानांना तो ऐकण्याची सोय नव्हती, आणि १०.२८ ला तो मनोराही पडला. इथे रिपीटर कितीही उत्तम असता तरी उपयोग नव्हता. शिवाय हेलिकॉप्टरमध्ये अग्निशमन दलाचा माणूस असावा असा संकेत असूनही तो त्या दिवशी नव्हता. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नव्हता.

ध्वनिमुद्रण ऐकताना पहिला बिघाड लवकर लक्षात येतो: तुटक शब्द, पुन्हा सांगण्याची विनंती, अनुत्तरित हाका. दुसऱ्यात मात्र प्रत्येक दलाची नोंद एकेकटी ऐकली तर निर्दोषच वाटते, आणि म्हणूनच दोन्ही दलांच्या नोंदी वेळेनुसार शेजारी मांडून ऐकल्याशिवाय तो सापडत नाही. त्यावर नवा अँटेना हा उपाय नव्हे. त्यासाठी सामाईक चॅनल लागते आणि एकाच ठिकाणी बसून निर्णय घेणारे दोन्ही दलांचे अधिकारी लागतात.